पक्क्या नंबरच्या आधी कॅम्पर राज्याबाहेर न्यायची असेल तर

नाशिकच्या माणसाला राज्याची हद्द लांब नाही. दिंडोरी, वणी मागे टाकून हातगडच्या बाजूने घाट चढलं की सापुतारा, म्हणजे गुजरात. अंतर 80 किलोमीटरच्या आसपास. पेठवरून गेलं तर कपराडा, धरमपूर. आग्रा रोडने धुळे, शिरपूर करत पळासनेर सुटलं की बिजासन घाट आणि सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश. त्यामुळे नवी कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली कॅरॅव्हॅन, दारात आली की पहिला बेत बहुधा हद्दीपलीकडचाच ठरतो. पक्का नंबर मात्र अजून आलेला नसतो.

अशा गाडीने हद्द ओलांडता येते का? येते, पण नंबर कशामुळे नाही यावर सगळं अवलंबून आहे. ‘नंबर यायचाय’ हे एकच वाक्य लोक अगदी वेगवेगळ्या परिस्थितींसाठी वापरतात, आणि त्यांतल्या काहींत गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा ठरतं.

नंबर नेमका का नाही?

समजा, पूर्ण तयार कॅरॅव्हॅन महाराष्ट्रातल्याच शोरूममधून घेतली आणि ती महाराष्ट्रातच नोंदवायची आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 41 प्रमाणे इथे नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो आणि नंबर गाडीवर लागल्याशिवाय ती ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नसते. ‘गाडी न्या, प्लेट मागाहून पाठवतो’ असं कोणी म्हणालं तर गाडी शोरूममध्येच राहू द्या. रस्त्यावर पकडलं तर दंड विक्रेत्याच्या नव्हे, चालवणाऱ्याच्या नावाने फाटतो.

लाल पाटीवर पांढरी अक्षरं असलेला नंबर विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटचा असतो. चाचणी, प्रात्यक्षिक, गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणं एवढ्यापुरताच तो चालतो. ‘दोन दिवस हीच पाटी लावून फिरून या’ ही सवलत कायद्यात कुठेही नाही.

खरोखर तात्पुरता नंबर लागतो तो मुख्यतः दोन प्रकारांत. एक, गाडी एका राज्यात घेतली आणि नोंदवायची दुसऱ्या राज्यात आहे. दोन, नुसती चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह सांगाडा, घेतली आहे आणि तिच्यावर कॅरॅव्हॅनची बॉडी बांधून घ्यायची आहे. या दोन्हींसाठी कलम 43 खाली तात्पुरती नोंदणी मिळते. आधी ती महिन्याभराचीच असे. मार्च 2021 मध्ये केंद्रीय नियमांत बदल झाले आणि मुदत सहा महिन्यांवर गेली. बॉडीच्या कामात चेसिस त्याहून जास्त काळ कारखान्यात अडकली, तर फी भरून 30-30 दिवसांची वाढ मागता येते.

उरली शेवटची परिस्थिती, आणि घोटाळा सगळ्यात जास्त हिच्यातच होतो. पासिंग झालं, कर भरला, एमएच-15 चा नंबर मोबाइलवर दिसायला लागला, पण एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसलेली नाही. लोक अशा वेळी रेडियमवाल्याकडून नंबर काढून घेतात आणि निघतात. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला एचएसआरपीच लागते. रेडियमची किंवा रंगवलेली पाटी त्या जागी चालत नाही. शिवाय प्लेटवरचा लेझर कोड सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत चढल्याशिवाय आरसी पुढे सरकत नाही. म्हणजे हद्दीवर दाखवायला ना प्लेट, ना आरसी. पक्का नंबर पडल्यावर जुना तात्पुरता नंबर मिरवण्यातही अर्थ नाही, कारण ऑनलाइन तपासणीत गाडी पक्क्या नंबराने दिसते आणि पाटीवर भलताच नंबर असतो. प्लेट बसेपर्यंत थांबावं, यावर दुसरा उपाय नाही.

तात्पुरत्या दाखल्यावर काय वाचायचं

तात्पुरत्या नोंदणीचा कागद हातात आला की लोक फक्त नंबर पाहतात. हद्द ओलांडणाऱ्याने त्याआधी ‘प्रयोजन’ हा रकाना पाहावा. अर्ज करताना कारण निवडावं लागतं: दुसरं राज्य, त्याच राज्यातलं दुसरं आरटीओ, किंवा बॉडी बांधणी. दाखल्यावर तेच छापून येतं. कलम 43 च्या परंतुकात आणखी एक जात आहे. राज्यातच तात्पुरती धावणारी गाडी राज्य सरकार महिन्याभरासाठी नोंदवू शकतं, आणि तिचा हेतू त्या राज्यापुरताच असतो. असा दाखला घेऊन सापुताऱ्याला जाणं म्हणजे वाद ओढवून घेणं.

एरवी कलम 46 तुमच्या बाजूने आहे. एका राज्यात रीतसर झालेली नोंदणी देशभर चालते. वलसाडला घेतलेली व्हॅन ‘दुसरं राज्य’ या कारणाने तात्पुरती नोंदवून पेठमार्गे नाशिकला आणायला कोणाच्या वेगळ्या परवानगीची गरज नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. मुदत दाखला निघाल्या दिवसापासून मोजतात, गाडी हातात आल्यापासून नाही. दाखल्यावर छापलेली तारीखच खरी धरा. ‘सहा महिने असतात’ हे ऐकून कॅलेंडरवर स्वतः हिशेब करू नका. परतीच्या दिवसानंतर किमान दहा दिवस हातात उरत नसतील तर हद्द ओलांडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घाटात क्लच गेला, सुटा भाग इंदूरहून यायचा आहे, मध्ये रविवार आला, की तेवढे दिवस सहज जातात. मुदतवाढही मुदत संपायच्या आतच मागावी लागते आणि ती जिथे दाखला निघाला तिथे मागणं सोपं जातं. परराज्यातल्या गॅरेजमध्ये बसून हे काम होत नाही.

तिसरी गोष्ट चेसिस नंबर. तो 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. दाखल्यावर ‘ओ’ दिसला की समजा, टाइप करणाऱ्याने शून्याचा ओ केला आहे. एवढ्याशा चुकीने विमा कंपनीचा कागद, फास्टॅग आणि आरटीओची नोंद तीन वेगळ्या गाड्यांची दिसू लागते. गाडीवर कोरलेला नंबर दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहायला पाच मिनिटं लागतात.

पाटीबद्दल थोडक्यात. तात्पुरता नंबर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत असतो. सुरुवातीला टी, मग महिना आणि वर्ष, मग राज्याची अक्षरं आणि पुढे क्रमांक. त्यामुळे नंबर कोणत्या महिन्यात दिला हे पोलिसाला लांबूनच कळतं. कागदावर छापून काचेला चिकटवलेला नंबर चालत नाही, पुढे आणि मागे दोन्हीकडे नीट पाटी हवी. चारचाकीला अक्षरांची उंची 65 मिलिमीटर, जाडी 10 आणि दोन अक्षरांमधलं अंतर 10 मिलिमीटर. कॅम्परला मागे शिडी, सायकलचा स्टँड नाहीतर जादा चाक लटकवतात आणि पाटी झाकली जाते. झाकलेली पाटी ही नसल्यासारखीच धरतात.

खरा धोका विम्याचा

नोंदणीशिवाय गाडी चालवली तर कलम 192 प्रमाणे पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड आहे. दुसऱ्या वेळी 5,000 ते 10,000 रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम 207 खाली गाडी अडकवूनही ठेवता येते, आणि कॅम्पर अडकली म्हणजे अंथरूण, चूल, कपडे सगळंच परक्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्याच्या आवारात. तरी हे सगळं परवडेल असा प्रकार विम्याचा आहे.

2021 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बोलेरोच्या चोरीचा निकाल दिला. गाडी पंजाबात घेतलेली, मालक राजस्थानचा. तात्पुरती नोंदणी 19 जुलै 2011 ला संपली आणि 28 जुलैला जोधपूरच्या मुक्कामात गाडी चोरीला गेली. विम्याचा हप्ता भरलेला होता, पॉलिसी चालू होती. न्यायालयाने सांगितलं की वैध नोंदणी नसताना गाडी सार्वजनिक जागी आणणं हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, त्यामुळे कंपनी पैसे देणं लागत नाही. त्याआधी 2014 मध्ये अपघाताच्या एका प्रकरणात हेच झालं होतं. तिथेही पिकअपची तात्पुरती नोंदणी संपून काही आठवडे झाले होते. दोन्ही ठिकाणी नोंदणी संपल्याचा अपघाताशी किंवा चोरीशी काही संबंध नव्हता, तरी दावा गेला. मुदत संपली त्या मध्यरात्रीपासून तुमची स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी जवळपास कागदापुरती उरते, ती ही अशी.

चेसिसवर कॅरॅव्हॅन बांधणाऱ्यांना यात आणखी एक खड्डा आहे. पॉलिसी चेसिस घेताना निघते आणि तिच्यात किंमत फक्त चेसिसची असते. समजा चेसिस 14 लाखांची आणि आतलं काम 9 लाखांचं. बॉडीची किंमत पॉलिसीत चढवून घेतली नाही तर खाट, ओटा, फ्रिज, लिथियम बॅटरी, छतावरची सौर पॅनलं, यांतलं काहीच विम्यात नाही. बॉडीवाल्याचं बिल हातात पडलं की त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवून दुरुस्ती करून घ्यायची. हद्द त्यानंतर.

बॉडी झाली, पासिंग राहिलं: या अवस्थेत फिरावं का?

दाखला बॉडी बांधणीचा आहे, मुदत शिल्लक आहे, गाडी आतून सजून तयार आहे. कायद्याच्या अक्षराने पाहिलं तर गाडी नोंदलेली आहे. पण कागदावर ती ‘चेसिस’ आहे आणि रस्त्यावर उभी आहे झोपायची सोय असलेली मोठी व्हॅन. तपासणाऱ्याला दोन्हींचा मेळ लागत नाही, आणि विमा कंपनीला तो लावायची इच्छा नसते. बॉडीवाल्याकडून गाडी थेट आरटीओत न्यावी, हा या दाखल्याचा हेतू आहे. माळव्याची सहल त्यात बसत नाही.

त्यापेक्षा पासिंग लवकर कसं होईल ते पाहावं. अर्ज फॉर्म 20 वर, विक्रीचा दाखला फॉर्म 21, आणि बॉडी वेगळी बांधली असेल तर फॉर्म 22-ए. त्याचा पहिला भाग चेसिस बनवणारी कंपनी भरते, दुसरा बॉडी बांधणारा. दुसरा भाग नसेल किंवा बॉडीवाल्याकडे त्या नमुन्याची मान्यता नसेल तर तिथेच सगळं अडतं. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्याची तपासणी करतात. ऑर्डर देण्याआधी बॉडीवाल्याकडून मान्यतेच्या कागदाची प्रत मागा. तो ‘आपला एजंट बघून घेईल’ म्हणाला तर दुसरा बॉडीवाला बघा.

निरीक्षक आत काय बघतो हेही माहीत असावं. मोटार कॅरॅव्हॅन म्हणवून घ्यायला राहण्याच्या जागेत बसायची आसनं आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा, एवढं लागतं. हे सगळं गाडीला पक्कं जोडलेलं हवं, टेबल तेवढं काढता येण्याजोगं चालतं. सुटी खाट आणि सुटी शेगडी ठेवून कॅरॅव्हॅन होत नाही. वजनकाट्याची पावती लागते, तेव्हा आधी वजन करून घ्या. पाण्याच्या टाक्या काट्यावर रिकाम्या असतात, पण प्रवासात 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो आणि ते एकूण मर्यादेत धरावंच लागतं. एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर खासगी कॅम्परला हलक्या मोटारीचा परवाना पुरतो.

नाशिकचं आरटीओ पेठ रोडवर आहे. मालेगावचं वेगळं, एमएच-41. खासगी वापराची कॅम्पर बिगर-परिवहन वर्गात येते, म्हणजे पांढरी पाटी, काळी अक्षरं आणि परमिट नाही. भाड्याने द्यायची असेल तर ती परिवहन गाडी होते. मग पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, फिटनेस, परमिट. राज्याचं 2021 चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण या दुसऱ्या वर्गाच्या उपयोगाचं आहे. सध्या सिंहस्थाच्या निमित्ताने भाड्याच्या कॅरॅव्हॅनची चर्चा आहे, पण खासगी पाटीवर भाडं मारायचा विचार करणाऱ्याने तात्पुरत्या नंबरवर तर मुळीच करू नये.

एक आडवाट काही जण घेतात. आधी तयार डिलिव्हरी व्हॅन मालवाहू म्हणून पास करून घ्यायची, नंबर लावायचा आणि मग आत घर बांधायचं. नंबर लवकर मिळतो खरा, पण कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून आरसीतली नोंद वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. अशी गाडी हद्दीवर पाटीमुळे अडत नाही, दार उघडल्यावर अडते.

हद्दीवर प्रत्यक्षात

गुजरातने आपले तपासणी नाके नोव्हेंबर 2019 मध्ये बंद केले, मध्य प्रदेशने 1 जुलै 2024 पासून. म्हणून तपासणी संपली असं नाही. फिरती पथकं असतात, कॅमेरे असतात. पिवळ्या पाटीवरची लाल अक्षरं असलेली, पडदे लावलेली मोठी गाडी रात्री अकराला घाटात दिसली तर ती थांबवणारच. शक्यतो दिवसा हद्द ओलांडा.

सापुताऱ्याच्या बाजूला तपासणीचं मोठं कारण वेगळंच असतं: दारू. गुजरातेत दारूबंदी आहे आणि नाशिक वाइनचं गाव. कॅम्परच्या फ्रिजमध्ये विसरलेली एक बाटलीही गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्यात गाडीही जप्त होऊ शकते. पक्का नंबर नसलेल्या गाडीतले सगळे कप्पे उघडून पाहिले जातात हे धरूनच चाला. सिल्वासा, दमणला दारू मिळते, पण तिथून घरी यायचा नेहमीचा रस्ता गुजरातमधून जातो, एवढं लक्षात ठेवावं.

टोलचं गणित वेगळं. नव्या गाडीला फास्टॅग चेसिस नंबरवर मिळतो. नोंदणी क्रमांक 90 दिवसांत त्याला जोडला नाही तर टॅग अडवला जातो, आणि आणखी 30 दिवसांनी काळ्या यादीत जातो. बॉडीचं काम चार महिने चाललं तर टॅग गाडीच्या आधीच मरतो आणि ते पिंपळगाव बसवंत किंवा चांदवडच्या टोलवर कळतं. तिथे मग युपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो. चेसिस मालवाहू वर्गातली असेल तर टॅगही त्याच वर्गाचा असतो. पासिंगनंतर गाडीचा वर्ग बदलला की बँकेकडून तोही बदलून घ्यावा.

गाडीत कागद छापील ठेवा: तात्पुरता दाखला, विमा, विक्रीचा दाखला, कर भरल्याची पावती, बॉडीवाल्याचं बिल, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. पक्की आरसी डिजिलॉकरमध्ये दाखवता येते, पण तात्पुरत्या दाखल्यासाठी फोनवर विसंबू नका. पळासनेरच्या पुढे रेंजही कधी असते, कधी नसते. पीयूसी मात्र मागितली तर घाबरू नका. नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून वर्षभर ती लागत नाही.

कर वाचवायला दमण किंवा सिल्वासाला नोंदणी करावी हा सल्ला वारंवार ऐकू येतो. कलम 40 प्रमाणे नोंदणी तुम्ही राहता किंवा गाडी एरवी जिथे उभी असते तिथली. गाडी गंगापूर रोडच्या सोसायटीत उभी राहणार असेल तर दमणचा पत्ता टिकत नाही. ‘12 महिने चालते’ असं म्हणतात ते कलम 47 मधलं आहे. तेवढ्या मुदतीनंतर नव्या राज्याचा नंबर घ्यावाच लागतो. महाराष्ट्राचा कर त्यामुळे माफ होत नाही.

नेपाळचा बेत असेल तर तात्पुरत्या नंबरवर तो सोडून द्या. सीमेवर भन्सार, म्हणजे जकातीचा परवाना, गाडीच्या नोंदणीवर काढतात. त्यापुढच्या देशांसाठी लागणारं कार्ने, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशी न्यायचा जकातीचा कागद, तेही नोंदणी क्रमांक, इंजिन आणि चेसिस क्रमांक लिहूनच निघतं. त्यात नंतर नंबर बदलला तर परत येताना गाडी ‘तीच’ आहे हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

ओढायची कॅरॅव्हॅन, म्हणजे ट्रेलर घेतला असेल तर त्याची नोंदणी वेगळी असते. पुढच्या गाडीचा पक्का नंबर आहे म्हणून मागचा बिननंबरी ट्रेलर चालत नाही.

पक्की प्लेट बसल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत करायची कामं: पिवळी पाटी दोन्हीकडून काढणे, फास्टॅगवर नवा नंबर चढवणे, विमा कंपनीला नंबर कळवून पॉलिसीत नोंद करून घेणे, आणि आरसीत प्रकार ‘मोटार कॅरॅव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ असाच आला आहे ना, आसनसंख्या बरोबर आहे ना, हे पाहणे. आसनसंख्या चुकली तर विम्याचा हप्ताही चुकतो आणि दुरुस्तीसाठी पुन्हा पेठ रोड गाठावा लागतो.